सोनपाखराची बाभूळ

श्रावण लागला की सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात मागांचा आवाज पातळ होतो. एरवी तो इतका भरलेला असतो की ऐकूच येत नाही. एखादा पाहुणा कानांवर हात ठेवून "हे काय चाललंय?" म्हणाला की मग आम्हाला आठवतं, हो, आपल्याकडे आवाज असतो. पण नागपंचमीनंतरच्या रविवारी गावोगावी कानबाई देवी बसते, आणि खानदेशातला माणूस सुरतेत कितीही वर्षं मुरलेला असो, तो पिशवी भरून उधना स्टेशनवर जाऊन उभा राहतो. मागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्याखात्यातले शेठ दरवर्षी कपाळाला हात लावतात, दरवर्षी "या वेळी दोनच दिवस हं" म्हणून बजावतात आणि दरवर्षी आठ दिवस वाट पाहतात. माग एकेक करून बंद पडत जातात. मग गल्लीतल्या चिमण्या, धुणं आपटल्याचा आवाज, कुणाचं तरी रडणारं बाळ, असं सगळं ऐकू यायला लागतं.

मला त्या शांततेत आणखी एक आवाज ऐकू येतो. काडेपेटीच्या आत बारीक पाय घासल्याचा. खरखर, जरा थांबून पुन्हा खरखर.

ज्यांचं लहानपण बाभळीखाली गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. श्रावणात बाभळीवर सोनपाखरू यायचं. तसा तो भुंगाच, पण त्याला भुंगा म्हणायला जीभ वळत नसे. अंगठ्याच्या पेराएवढा, मोरपिशी हिरवा, पाठीवर दाभणानं टोचल्यासारखे बारीक खळगे. उन्हात धरला की हिरव्याचा तांबूस व्हायचा आणि पुन्हा हिरवा. आम्ही त्याला काडेपेटीत ठेवत असू, बाभळीचा कोवळा पाला घालत असू, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच्या मानेला दोरा बांधून गरगर उडवतही असू. सकाळी पेटी उघडली की कधी तळाशी पिवळट पांढरी अंडी दिसायची, तांदळाच्या कणीएवढी. आम्ही त्यांना जिरं म्हणायचो आणि फुंकर मारून उडवून द्यायचो. किती उडवली असतील, त्याचा आज विचारसुद्धा नको वाटतो.

मी दहा वर्षांची असताना वडिलांनी आम्हाला गावाहून सुरतेला आणलं. ते आधीपासून इथे माग चालवत होते. जूनमध्ये आलो आणि श्रावणापर्यंत मी रोज रडले. कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. शाळा मराठीच होती, शेजारही निम्मा आपलाच होता, भाकरीसुद्धा तीच होती. तरी संध्याकाळ झाली की माझं रडणं सुरू व्हायचं. माय तेव्हा नुकतंच साड्यांवर टिकल्या आणि चमकीचे खडे चिकटवायचं काम घरी आणू लागली होती. साडी मांडीवर, बशीत सरस, काडीच्या टोकावर एकेक टिकली. मी रडायला लागले की ती काडी खाली ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा काडी उचलायची. बोलून काही होणार नाही हे तिला कळत होतं.

त्या वर्षी कानबाईला गावी गेलो. नारळाची देवी, तिची नथ, तिचे डोळे, गव्हाचे रोट, सोमवारी नाल्यावर वाजतगाजत विसर्जन. आमच्या गावचा नाला पुढे तापीला मिळतो, आणि तापी तर सुरतेलाच येते. त्यामुळे माय म्हणायची की आपण आलो की मागोमाग देवीही येते. विसर्जन करून परतताना नाल्याकाठच्या बाभळींवर सोनपाखरं लगडलेली दिसली. मी तिथेच बसकण मारली. आता मी सुरतेला येणारच नाही, असं जाहीर केलं. काका हसले, वडील चिडले. माय मात्र झाडाखाली गेली आणि पदराच्या ओच्यात एकेक सोनपाखरू टाकू लागली.

"हाई काय करी ऱ्हायनी?" वडिलांनी विचारलं.

"लई जाऊत संगे. पोरना जीव रमी."

"आनि खातीन काय?"

"तठे खाडीवर बाभूया काय कमी शेतस? बाभूय ती बाभूय, तठली काय नि गावनी काय!"

वडिलांकडे बॉबिनचा एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्याला सुईनं भोकं पाडली, पाला भरला आणि बारा सोनपाखरं घेऊन आम्ही गाडीत बसलो. माझ्या मांडीवर खोका. समोरच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "काय आहे गं त्यात?" मायनं माझ्याआधी उत्तर दिलं, "पाहुणा शेतस." नंदुरबार गेलं, उकाई गेलं, आतली खरखर चालूच होती. त्या प्रवासात मी एकदाही रडले नाही. मायनं ते बघितलं असणार, कारण उतरताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माय असल्या गोष्टी उगाच करत नसे.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे खाडी आणि खाडीच्या काठानं हिरवंगार काटेरी रान होतं. तीच पानं, तेच काटे, तशीच पिवळी फुलं. आम्ही मायलेकींनी मोठ्या थाटानं बाराच्या बारा पाहुण्यांना त्या फांद्यांवर बसवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर मी धावले. होते, सगळे होते, पण पाला तसाच्या तसा. तिसऱ्या दिवशीही तसाच. पाचव्या दिवशी ती खाली पडायला लागली, पाय वर करून. तिथे शेळ्या चारायला एक भरवाड बाई येत असे. आमचं चाललेलं बघून ती जवळ आली, एक फांदी वाकवून म्हणाली, "आ तो गांडो बावळ छे, बेन. तमारो देशी नथी."

वेडी बाभूळ. बाहेरून आलेली, कुठेही फोफावणारी. दिसायला आपल्या बाभळीची सख्खी बहीण, पण आमच्या पाहुण्यांनी तिला तोंड लावलं नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या बाईनं अशी चूक करावी, यावर वडील पुढे कित्येक वर्षं चिडवत राहिले. माय त्यावर हसत नसे. परक्या गावात आलेलं माणूस ओळखीचं काहीतरी शोधत असतं, आणि सापडलं की नीट बघत नाही. मला वाटतं, तिला त्या खाडीवर बाभूळ दिसायला हवी होती, म्हणून ती दिसली.

नववं पाखरू मेलं त्या दिवशी माय माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यासनी काय चूक? चूक मनी शे," एवढंच म्हणाली. पंख तिनं कुंकवाच्या करंड्यात ठेवले. एक पंख मात्र तिनं साडीवर लावला. खरंच. गुलाबी साडीच्या पदरावर, टिकल्यांच्या वेलबुट्टीत, पानाच्या जागी. काम घ्यायला आलेल्या माणसानं ती नेहमीसारखी गठ्ठ्यात घातली आणि तो गेला. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी लग्नात ती साडी नेसली गेली असेल. हिरव्या पानावर नेसणारीचा हात फिरला असेल का, असं मी अजूनही कधीकधी मनाशी विचारते.

पुढच्या कानबाईला मायनं पाखरांना हात लावला नाही. ती काकांच्या शेळ्यांच्या गोठ्यात शिरली आणि ओंजळभर लेंड्या रुमालात बांधून घेऊन आली. बाभळीच्या शेंगा शेळी खाते, बी तिच्या पोटातून लेंडीबरोबर बाहेर पडतं, आणि असं बी चटकन रुजतं. हे मी आता शाळेत मुलांना शिकवते. तेव्हा मात्र त्या रुमालाच्या वासानं मी डब्यात दुसऱ्या बाकावर जाऊन बसले होते. "आधी घर, मंग पाहुणा," माय म्हणाली. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आत, तिनं त्या लेंड्या पेरल्या. चार रोपं आली. एक शेळीनं खाल्लं, एक मुलांनी उपटलं, एक खाडीचं पाणी चढलं तेव्हा कुजलं. चौथं राहिलं.

झाड वाढायला वेळ लागला, माणसांनाही लागला. मी शिकले, लिंबायतच्या एका मराठी शाळेत लागले, लग्न होऊन त्याच सोसायटीत पलीकडच्या घरात राहायला गेले. वडील गेले, माय माझ्याकडे आली. बाभूळ मात्र अशी झाली की तिच्या सावलीत चार खाटा मावाव्यात. पण पाहुणा काही आला नाही. कारण मधल्या काळात गावच्या बांधांवरच्या बाभळी गेल्या. ट्रॅक्टरला वळायला अडतात, पिकावर सावली पडते, सरपणाला बऱ्या. कुणी वाईटपणानं तोडल्या नाहीत, पण तुटल्या. मुळांशी वाढणारी सोनपाखरांची पिल्लंही त्यांच्याबरोबर गेली असणार. मायनं सुरतेत घर बांधलं आणि इकडे पाहुण्याचं गाव उठलं. कितीतरी श्रावण आम्ही नाल्याकाठी माना वर करून फिरलो आणि रिकाम्या हातानं परतलो.

टिकल्यांनी मायचे डोळे खाल्ले असं मी म्हणते. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू आहे, वयानं होतो. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन साधं आहे, अर्ध्या दिवसाचं. दवाखान्यात नंबर लावू या म्हणून गेली दोन वर्षं मी मागे लागले आहे आणि माय दाद देत नाही. "दखाले काय ऱ्हायनं आते?" बघायला आता राहिलंय काय, हे तिचं ठरलेलं उत्तर. मी चिडते, माझी आठवीतली मुलगी खुशी चिडते, माय शांतपणे हातानं चाचपत डाळ निवडत बसते. खडा बरोबर सापडतो तिला. बोटांना दिसतं.

यंदा आषाढात सोसायटीच्या सभेत बाभळीचा विषय निघाला. गाड्या लावायला जागा नाही, पोरांच्या पायात काटे जातात, चाकं पंक्चर होतात. प्रमुख कांतिभाई भला माणूस, मायला बा म्हणतो. तो घरी येऊन सांगून गेला, "बा, आ झाड तो कपाववुं ज पडशे. श्रावणमां नहीं अडुं, पछी." श्रावणात झाडाला हात लावायचा नाही, नंतर मात्र कापायचं. तो गेल्यावर माय भिंतीला धरून मागे गेली आणि बाभळीचं खोड हातानं चाचपू लागली. मी खिडकीतून बघत होते. तिचं घर जाणार होतं, आणि पाहुणा एकदाही राहून गेला नव्हता.

मला एक युक्ती सुचली. शिक्षकाला सुचू नये अशी. बुंध्याशी एक दगड ठेवावा, शेंदूर लावावा, अगरबत्ती लावावी; मग कुणाची छाती आहे कापायची? आमच्या भागात अशी कितीतरी झाडं वाचलीत. मायला सांगितलं तर ती माझ्यावर अशी उसळली की मी पुन्हा दहा वर्षांची झाले.

"मास्तरीन व्हयनी नि हाई शिकनी का? देवले खोटी साक्ष देवाले लावू नको. झाडनं जे खरं शे, तेच सांगानं."

"पण माय, खरं काय सांगणार? झाडावर काहीच नाही."

ती पुन्हा डाळ निवडायला बसली.

कानबाईला या वेळी खुशीही आली. तिला मराठी समजते, अहिराणी निम्मी समजते, बोलते मात्र गुजराती-हिंदीची मिसळ. रोट तिच्या वाट्याला येणार नव्हते, माझ्याही नाही. आमच्यात रोट भाऊबंदांनीच खायचे, लग्न होऊन गेलेली लेक परक्या घरची. "मम्मी, ये तो चिटिंग है," असं ती दोन दिवस म्हणत होती. सोमवारी विसर्जन झालं. नाल्याच्या पलीकडच्या काठावर उतार आहे, तिथे नांगर चालत नाही म्हणून तीन बाभळी उरल्या आहेत. रुसलेली खुशी तिकडे जाऊन बसली होती. तिथूनच ओरडली, "आजी! जल्दी आवो! तमारा डब्बावाळा!"

करंड्यातले पंख तिनं लहानपणापासून पाहिले होते. म्हणून ओळखलं. मी नाला ओलांडून धावले. मधल्या झाडावर, कोवळ्या शेंड्याला, ऊन अंगावर घेत दोन सोनपाखरं बसली होती. इतक्या वर्षांनी. मला हुंदका आला तो आवरलाच नाही. आवरायचा कशाला? मायला हाताला धरून आणलं. तिला हिरव्यात हिरवं काही दिसेना. मी एक पाखरू अलगद तिच्या तळहातावर ठेवलं. पाय टोचले तशी तिनं दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या पाठीवरच्या खळग्यांवरून फिरवलं. "हाईच," ती म्हणाली. "हाईच शे."

"लई जाऊत ना आजी, सुरत!" खुशी म्हणाली. आजीशी बोलताना तिच्या तोंडून एवढी अहिराणी पहिल्यांदाच आली.

मायनं मान हलवली. "त्यासनं घर आठे शे. मी एकदाव चुकनू. आते नही."

मग तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. काकांकडून एक मोठी डबी मागवली. दोन्ही पाखरं त्यात ठेवली, त्याच बाभळीचा पाला घातला, झाकणाला भोकं पाडली. मंगळवार, बुधवार आम्ही गावीच राहिलो. शाळेला मी खोटंच तापाचं कारण कळवलं, हेही इथे सांगून टाकते. गुरुवारी सकाळी माय डबी घेऊन नाल्यावर गेली आणि दोघांनाही ज्या फांदीवरून उचललं होतं त्याच फांदीवर सोडलं. तिनं डबीच्या तळाशी बोट फिरवलं. एक, दोन, असं करत अकरा दाणे निघाले. आमचं जिरं. आम्ही फुंकर मारून उडवायचो ते. चार तिनं तिथेच बुंध्याशी मातीत ठेवले आणि सात ओल्या फडक्यात घेतले.

परतीच्या गाडीत फडकं खुशीच्या मांडीवर होतं. तिनं मोबाइलमध्ये शोध लावला की ही पिल्लं जमिनीत मुळं कुरतडत वाढतात आणि वर यायला वर्षं लागतात. कुणी दोन म्हणतं, कुणी तीन. नक्की कुणालाच ठाऊक नाही.

घरी पोचल्यावर माय चहासुद्धा न घेता बाभळीकडे गेली. खाडीचं पाणी चढतं त्या बाजूला नाही, उंचवट्याच्या बाजूला तिनं बोटानं खळ्या केल्या. एकेका खळीत एकेक दाणा, वर चिमूटभर माती. ज्या बोटांनी जन्मभर साडीवर टिकली हलूसुद्धा दिली नाही, त्यांना अंधूक डोळ्यांची गरज पडली नाही. मी शेजारी उभी होते. आत काही जगेल की नाही, कोण जाणे. पण मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या दहा वर्षांच्या मुलीची आठवण होऊन तिच्यावर फार माया आली.

संध्याकाळी माय कांतिभाईच्या घरी गेली. मी सोबत. कांतिभाईची आई हिंचक्यावर झोके घेत बसली होती, मायच्याच वयाची. माय उभ्यानंच बोलली.

"भाई, झाडना खाले लेकरं शेतस."

कांतिभाईला काही कळेना. मी सगळं समजावून सांगितलं, गुजरातीत, माझ्या मोडक्यातोडक्या. तो हसला. "बेन, जीवडा माटे पार्किंग रोकी राखुं? लोको मने शुं कहेशे?" किड्यासाठी गाड्यांची जागा अडवली तर लोक काय म्हणतील, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. हिंचका मात्र थांबला होता. त्याची आई म्हणाली, "कांति, सुवावड छे त्यां. तो हमणां हाथ नो अडाडाय."

सुवावड म्हणजे बाळंतपण. बाळंतिणीच्या खोलीत तोडफोड करायची नाही, हे दोन्ही म्हाताऱ्यांना सारखंच माहीत होतं. कांतिभाईनं डोकं खाजवलं. शेवटी ठरलं ते असं: खालच्या फांद्या छाटायच्या, बुंध्याला आणि मुळांना धक्का लावायचा नाही, आणि काटे रोज सकाळी मायनं झाडून काढायचे. पिल्लं वर येईपर्यंत. पुढचं पुढे. कायमचं वचन त्यानं दिलं नाही, मायनंही मागितलं नाही.

परवापासून माग पुन्हा सुरू झालेत. गल्ली पुन्हा भरली आहे, चिमण्या पुन्हा ऐकू येईनाशा झाल्यात. माय सकाळी खराटा घेऊन मागे जाते, उकिडवी बसून काटे हातानं चाचपते. एक-दोन बोटात घुसतातच. आज मी सुई घेऊन काटा काढत होते, तर तिनं विचारलं, "कितला दिन लागतीन म्हने खुशी, त्यासले वर येवाले?"

"दिवस नाही गं. दोन पावसाळे. कदाचित तीन."

तिनं बोट माझ्या हातात तसंच राहू दिलं. खिडकीतून बाभळीचा हिरवा ठिपका तिला दिसत असावा, तिकडे बघत होती. मग म्हणाली,

"मंग डोयाना नंबर लाव."